दासगाव ते महाड : पाच मैलांची पूर्वतयारी

भिवंडीहून वाड्याकडे निघाले आणि नदीनाका मागे टाकला की शेलार लागते. कागदोपत्री गाव, प्रत्यक्षात यंत्रमागांची आणि गोदामांची वसाहत. माझे वडील सायझिंगमध्ये कामाला होते, आई घरी कांड्या भरून देत असे. त्या दोघांच्या घरात पदवीचा कागद पहिल्यांदा आला तो माझ्या रूपाने. आज मी भिवंडीच्या एका महाविद्यालयात इतिहास शिकवते. हे सांगण्याचे कारण एवढेच की, पुढे जे लिहिले आहे ते ग्रंथालयात बसून सुचलेले नाही. ते आमच्या विहाराच्या ओट्यावर, वर्गणीची वही पुढ्यात ठेवून, भांडत भांडत सुचलेले आहे.

गोष्टीची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या मोबाइलपासून झाली. अमेरिकेत तरुणांचे गट जीपगाड्या घेऊन आडवाटेने निघतात आणि जुन्या ‘पायोनियर’ लोकांच्या बैलगाड्या जिथून गेल्या त्या वाटेने आठ-आठ दिवस प्रवास करतात, असे काहीतरी त्याने पाहिले होते. आपल्याकडेही पन्हाळा ते पावनखिंड अशी पदभ्रमंती दर पावसाळ्यात निघते, तीत त्याचे दोन मित्र जाऊन आले होते. त्याने मला विचारले, “मॅडम, आपली अशी वाट कोणती?”

प्रश्न साधा होता, पण मला चटकन उत्तर देता आले नाही. आपल्याकडे तीर्थे झाली आहेत, वाटा राहिलेल्या नाहीत. दीक्षाभूमी आहे, चैत्यभूमी आहे, महाडचे तळे आहे. आपण तिथे गाडीने पोहोचतो, नमन करतो, पुस्तके विकत घेतो आणि परत येतो. तिथवर पहिल्यांदा जे गेले ते कसे गेले, काय खाल्ले, कुठे झोपले, कोणी नेले आणि कोणी नेण्यास नकार दिला, हे आपण विचारीत नाही. मी त्या मुलाला दुसऱ्या दिवशी सांगितले, आपली वाट दासगाव ते महाड. पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर.

या वाटेचा इतिहास थोडक्यात असा. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव संमत झाला की सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांस खुले असावेत. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केले, अर्थात कागदावर. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली आणि २० तारखेस बाबासाहेबांसह हजारो माणसे तळ्यावर जाऊन पाणी प्याली. नंतर परतणाऱ्यांवर लाठ्या पडल्या. तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी पंचगव्य मिसळून १०८ घागरी पाणी उपसले गेले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षे होत होती! म्हणून डिसेंबरात पुन्हा महाड गाठण्याचे ठरले. या दुसऱ्या खेपेस बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे दोनशे सहकारी मुंबईहून २४ डिसेंबरला ‘पद्मावती’ बोटीने निघाले, आणि २५ तारखेस दुपारच्या सुमारास सावित्रीच्या खाडीतून दासगावच्या बंदरावर उतरले. तिथून महाडपर्यंतचे पाच मैल लोक पायी गेले.

आता प्रश्न असा की ते बोटीने का गेले? धरमतरला उतरून पुढे मोटारीने जाणे जवळचे होते. परंतु मोटारवाले ऐनवेळी दगा देतील, वाटेत टाकून जातील, अशी रास्त शंका होती. म्हणून समुद्राचा लांबचा मार्ग पत्करला. पहिल्या बैठकीत हे मी सांगितले तेव्हा जीपचे भाडे विचारून आलेला मुलगा गप्प झाला. ज्या वाटेने आपण हौसेने जाऊ पाहत होतो, ती वाट हौसेने निवडलेली नव्हती. आडवाटेने जाणे ही एकाची करमणूक असते, तर दुसऱ्याला हमरस्ता बंद असल्यामुळे आडवाट धरावी लागते.

अमेरिकेचा विषय निघालाच होता, तेव्हा एका बैठकीत तोही घेतला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मिसुरीहून ऑरेगनकडे दोन हजारांहून अधिक मैलांच्या वाटेने गोऱ्या कुटुंबांच्या गाड्या गेल्या. वायोमिंगमध्ये खडकावर त्यांच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या अजून दिसतात. १९६८ साली तिथे राष्ट्रीय वाटांचा कायदा झाला आणि १९७८ मध्ये ऑरेगनच्या वाटेला ऐतिहासिक राष्ट्रीय वाटेचा दर्जा मिळाला. परंतु ती भूमी मोकळी नव्हती, तिथे तिची माणसे होती. याच देशात १८३० च्या कायद्याने मूळ रहिवाशांना आपापल्या भूमीवरून उठवले गेले, आणि १८३८-३९ मध्ये चेरोकी लोकांना जी पायपीट करावी लागली तिला ‘अश्रूंची वाट’ म्हणतात. १९८७ मध्ये तिलाही राष्ट्रीय वाट म्हणून मान्यता मिळाली. तिसरी वाट सेल्मा ते माँटगोमेरी ही ५४ मैलांची. मार्च १९६५ मध्ये काळ्या लोकांनी मताच्या हक्कासाठी ती पायी तुडवली, आणि १९९६ मध्ये तिचीही नोंद झाली. एकाच कायद्याखाली तिन्ही वाटा आहेत : जिंकणाऱ्यांची, हाकललेल्यांची आणि हक्क मागणाऱ्यांची. दासगावची वाट कोणत्या जातीची (हा शब्द मी जाणूनबुजून वापरते) हे मुलांना वेगळे सांगावे लागले नाही.

सेल्माच्या मोर्चाची एक बाब आमच्या फार उपयोगी पडली. तो मोर्चा सहज म्हणून निघाला नव्हता. रस्ता जिथे दोनच पदरी होता तिथे तीनशेहून अधिक माणसे चालणार नाहीत, अशी न्यायालयाची अट होती. चार रात्री मुक्कामाला जागा लागणार होती, आणि त्यातल्या पहिल्या तीन रात्री काळ्या शेतकऱ्यांनी आपली शेते दिली. हे वाचले की महाडच्या परिषदेचा मांडव आठवतो. डिसेंबरच्या परिषदेसाठी महाडात कोणी हिंदू जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थाने. चळवळीच्या इतिहासात भाषण करणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरात येते आणि शेत देणाऱ्याचे बारीक अक्षरात. पण शेत नसते तर भाषण कुठे उभे राहून केले असते?

म्हणून आम्ही ठरवले की १९२७ ची तयारी कशी झाली ते आधी समजून घ्यायचे आणि त्याच क्रमाने आपली तयारी करायची. मी तर म्हणेन, हाच आमच्या सहलीचा खरा अभ्यासक्रम झाला. चालणे तीन तासांचे, तयारी काही महिन्यांची.

पहिली बाब तारखेची. २० मार्च १९२७ हा रविवार होता आणि २५ डिसेंबर १९२७ हाही रविवारच. कामगार माणसाला सुटी कधी असते याचा हिशेब चळवळीला ठेवावाच लागतो. आमच्याकडे मागांना सुटी शुक्रवारची. आमच्या यादीत गोदामातले तीन हमाल, कांड्या भरणाऱ्या चार बाया आणि मागावरचे दोघे आहेत. त्यांचा रोज बुडाला तर ही सहल शिकलेल्यांचीच होऊन बसेल. कॅलेंडर चाळले तर २०२६ सालचा २५ डिसेंबर शुक्रवारी येतो! शिवाय २०२७ हे शताब्दीचे वर्ष. त्या वर्षी महाडला जी गर्दी होईल तीत शांतपणे काही पाहणे, वाचणे, विचारणे होणार नाही. २० मार्चला दरवर्षीच तिथे पाय ठेवायला जागा नसते, आणि ते तसेच असावे. परंतु जत्रेला जाणे वेगळे आणि वाट समजून घेणे वेगळे. तेव्हा तारीख ठरली : शताब्दीच्या आदल्या वर्षीचा २५ डिसेंबर.

दुसरी बाब, जायचे कसे. बोटीने दासगावला जाणे आता शक्य नाही, ती प्रवासी वाहतूक कधीच संपली. तरुण मुलांची मोटारसायकलींची हौस मोडवेना. झेंडे लावून, कर्णे वाजवीत थेट महाडात शिरायचे असा त्यांचा पहिला बेत होता. त्यावर दोन बैठका कडाक्याचे भांडण झाले. मी त्यांना एवढेच सांगितले की दासगावहून निघालेले लोक शिस्तीने, रांगा धरून, घोषणा देत गेले. पोलीस अधिकारी बंदरावरच हजर होते, तिथून बाबासाहेबांना जिल्हाधिकाऱ्याच्या भेटीसाठी पुढे नेण्यात आले, आणि नेता सोबत नसतानाही रांग मोडली नाही. अखेर तडजोड झाली. सहा मुले तीन मोटारसायकलींवर २४ तारखेस निघतील, म्हणजे ज्या दिवशी ‘पद्मावती’ निघाली त्याच दिवशी. भाऊच्या धक्क्यावरून वाहने नेणाऱ्या बोटीने मांडवा, मग अलिबाग, मुरूड, आगरदांड्याहून दिघीला नेणारी बोट, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, पुढे म्हसळा, आंबेत आणि टोळफाट्यावरून दासगाव. बोट ज्या किनाऱ्याने गेली तो किनारा त्यांना शक्य तेवढा उजव्या हाताला ठेवायचा आहे. त्यांच्याकडे काम दिले आहे : प्रत्येक बंदरावर थांबून जुन्या माणसांना विचारायचे की इथे बोटी लागत तेव्हा आपली माणसे कुठे बसत, आणि मिळेल ते उत्तर लिहून आणायचे. कर्णे घरीच राहतील.

उरलेले आम्ही रेल्वेने. वसई-दिवा मार्गावरच्या भिवंडी रोड स्थानकावर गाड्या मोजक्या, म्हणून पहाटे टेम्पोने थेट दिवा गाठायचे आणि सावंतवाडीला जाणारी सकाळची गाडी धरायची. ती वीरला थांबते. वीर हे महाडच्या जवळचे स्थानक आणि दासगाव तिथून थोड्याच अंतरावर. कोकण रेल्वेने हा हिशेब सोपा केला आहे. तिकिटे जनरलची, त्यामुळे आरक्षणाची कटकट नाही. मात्र नाताळच्या सुट्यांत त्या गाडीला गर्दी असते, म्हणून म्हाताऱ्या माणसांभोवती तरुणांनी उभे राहायचे असे ठरले आहे.

चालण्याच्या वाटेबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण कोणाला असाच बेत करायचा असेल तर इथेच चूक होण्याचा संभव आहे. दासगाव ते महाड हा आज मुंबई-गोवा महामार्गाचा भाग आहे. मी आणि एक सहकारी शिक्षक आधी जाऊन पाहून आलो. ट्रक, खासगी बसगाड्या, सुसाट वेग. १९२७ मध्ये तीन हजार माणसे ज्या रस्त्याने चालली तिथे आज पंचवीस माणसांनी चालणे जिकिरीचे आहे. म्हणून जिथे गावातून जाणारा आतला रस्ता मिळतो तिथे तोच धरायचा, आणि महामार्ग जिथे टळत नाही तिथे समोरून येणारी वाहने दिसतील अशा बाजूने, एकामागे एक, पुढे-मागे लाल झेंडी घेऊन चालायचे. अंधार पडण्याच्या आत महाड गाठायचे. मागून एक रिक्षा हळूहळू येईल, ज्याला चालवेना त्याने न लाजता बसावे. महाडच्या पोलीस ठाण्याला आधी साधे पत्र द्यायचे : किती माणसे, कोणता रस्ता, कोणती वेळ. पंचवीस माणसांना याची गरज नाही असे काहींचे म्हणणे होते, पण लेखी कळवण्याची सवय बरी. ते का, हे पुढे येईलच.

पावसाळ्यात इथे कोणी येण्याचा बेत करू नये. जुलै २००५ मध्ये दासगाव, जुई, रोहन, कोंडीवते या गावांत दरडी कोसळून माणसे गाडली गेली. जुलै २०२१ मध्ये महाड शहर पुरात बुडाले आणि तालुक्यातल्या तळिये गावावर डोंगर आला. चालता चालता डोंगराकडे बोट दाखवून हेही मुलांना सांगायचे आहे. आपला इतिहास तेवढा पाहायचा आणि त्या भूमीवर आज राहणाऱ्यांचे दुःख पाहायचे नाही, हे बरे नव्हे.

वाटेत महाडच्या अलीकडे गांधारपाल्याची बौद्ध लेणी लागतात, महामार्गावरूनच दिसतात. तिथे थांबा आहे. मुलांनी विचारले, १९२७ मध्ये या लोकांना ती आपली वाटली असतील का? धर्मांतर अजून २९ वर्षे दूर होते. या प्रश्नाचे उत्तर मी दिले नाही. लेण्याच्या पायरीवर बसून त्यावर बोलायचे आहे.

आता पाण्याची गोष्ट. मार्चच्या परिषदेत पिण्यासाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते. तळे जवळच होते, भरलेले होते, आणि तरीही पाणी विकत! आमच्या वहीत पाण्याचा आकडा लिहिताना हा आकडा शेजारी लिहिला. पंचवीस माणसे, माणशी चार लिटर, म्हणजे शंभर लिटर, म्हणजे वीस लिटरचे पाच जार. वर्गात मी परिषद, ठराव, निकाल हे सारे शिकवते, पण त्या चाळीस रुपयांत काय होते ते मला त्या हिशेबाच्या वेळी कळले. ते रुपये कोणाकोणाच्या खिशातून आले असतील? शंभर-शंभर मैलांवरून, पंधरा वर्षांच्या पोरांपासून सत्तरीच्या म्हाताऱ्यांपर्यंत, भाकरीचे तुकडे खांद्याला बांधून लोक आले होते. भाकरी घरून आणता येते. पाणी आणता येत नाही.

डिसेंबरात तर धान्याचाही प्रश्न होता. महाडचे व्यापारी काही विकणार नाहीत हे दिसत होते, म्हणून दहा दिवस पुरेल इतका शिधा बाहेरून आणून साठवला गेला. बंदोबस्त निवृत्त लष्करी माणसांकडे होता. या भागात पलटणीतून निवृत्त झालेल्या महार सुभेदार-हवालदारांची वस्ती होती. महाड तालुक्यातल्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातूनच आलेले. शिस्त, शिधा, पहारा ही कामे या लोकांना येत होती. मनुस्मृती जाळण्यासाठी मांडवासमोर जो खड्डा खणला तो सहा इंच खोल आणि दीड फूट चौरस होता, त्यात चंदनाचे तुकडे रचले होते, कोपऱ्यांवर खांब आणि खांबांवर फलक होते. संतापाच्या भरात कोणी पुस्तक भिरकावले नाही, कोणीतरी मोजून खड्डा खणला. माझ्या मते विद्रोहाची ही बाजू आपण नव्या पिढीला पुरेशी सांगत नाही. आपण ज्वाळा सांगतो, खड्डा सांगत नाही.

आणि ज्यांनी ही जमवाजमव केली त्यांचीही नावे आपण अर्धवट सांगतो. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे, गंगाधरपंत सहस्रबुद्धे ही नावे येतात, यायलाच हवीत. संभाजी तुकाराम गायकवाड कधी येतात, कधी नाही. पण रामचंद्र बाबाजी मोरे? दासगावशी जोडलेला हा तरुण १९२७ मध्ये अवघा २४ वर्षांचा होता. महाडात परिषद घ्यावी म्हणून बाबासाहेबांकडे त्याने दीर्घकाळ पाठपुरावा केला, गावोगाव हिंडला. ज्या महाडात अस्पृश्याला घोटभर पाणी मिळत नव्हते तिथे त्याने आपल्या माणसांसाठी चहा-पाण्याचे छोटे दुकान उघडले, आणि तेच चळवळीचे कार्यालय झाले. मोरे पुढे कम्युनिस्ट झाले आणि मग आपल्याकडच्या व्यासपीठांवरून त्यांचे नाव हळूहळू पुसट झाले. ज्यांना हे पटणार नाही त्यांनी जरूर उत्तर लिहावे. माझे म्हणणे एवढेच की दासगावच्या बंदरावर उभे राहून मोऱ्यांचे नाव न घेता पुढे निघणे हा त्या वाटेशीच बेइमानपणा होईल. आमच्या मुलांपैकी एक जण तिथे त्यांच्यावर दहा मिनिटे बोलणार आहे.

मुक्कामाचे सांगायचे राहिले. २५ च्या रात्री महाडात थांबायचे आहे, कारण मनुस्मृतीदहन रात्री नऊच्या सुमारास झाले आणि त्या वेळी क्रांतिस्तंभाजवळ बसून आम्हाला वाचन करायचे आहे. मी त्या भागातल्या एका निवासात दूरध्वनी केला. चार खोल्या हव्यात म्हटले. “आहेत,” म्हणाले. कुठून येता, कार्यक्रम कसला, असे विचारले. मी सरळ सांगितले. मग आडनाव विचारले. तेही सांगितले. “बघून सांगतो.” अर्ध्या तासाने मीच पुन्हा केला तर सगळे भरलेले होते. माझ्या सहकारी शिक्षकाने, ज्याचे आडनाव कोणाला खटकत नाही, संध्याकाळी त्याच तारखेसाठी चौकशी केली. चार खोल्या मोकळ्या होत्या.

मला राग आला त्याहून अधिक आश्चर्य वाटले ते माझ्या विद्यार्थ्यांचे. त्यांना आश्चर्य वाटलेच नाही! भिवंडी-कल्याणात भाड्याने खोली शोधताना त्यांनी हे अनेकदा ऐकले आहे. आत्याने फक्त विचारले, “मोटारवाला मेला न्हाय का अजून, पोरी?”

त्या बैठकीत आम्ही राज्यघटना उघडली. अनुच्छेद १५ चे दुसरे कलम दुकाने, उपाहारगृहे, हॉटेले यांच्याबरोबरच विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते यांचा उल्लेख करते. ‘तलाव’ हा शब्द वाचून मुले एकमेकांकडे पाहू लागली. ज्या माणसाला एका तलावावरून कोर्टात खेचले गेले, तोच पुढे मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. महाडचा दिवाणी दावा डिसेंबर १९२७ मध्ये दाखल झाला, १४ तारखेला मनाईहुकूम मिळाला, आणि त्यामुळे डिसेंबरात लोकांना तळ्याचे पाणी न पिता परतावे लागले. मग खालच्या कोर्टाचा निकाल, मग आमच्या ठाण्याच्या न्यायालयातले अपील, आणि शेवटी १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल : अस्पृश्यांना वगळण्याची पुरातन रूढी सिद्ध झालेली नाही. दहा वर्षे लागली. दाव्याची मुख्य गंमत अशी की रूढीचा पुरावा सवर्णांना देता आला नाही, आणि न्यायालयात पुराव्याशिवाय काही चालत नाही.

आमच्याकडेही पुरावा नव्हता. तोंडी बोलणे, तेही माझ्या बाजूनेच ऐकलेले. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे, पण तक्रारीत काय लिहिणार? त्यातून एक धडा घेतला आणि तो इतरांनीही घ्यावा. जागेची, वाहनाची, जेवणाची मागणी लेखी करावी, तारीख, माणसे, प्रयोजन स्पष्ट लिहावे आणि उत्तर लेखी मागावे. नकार मिळालाच तर तो कागदावर तरी मिळेल. सहकाऱ्याच्या नावावर त्याच खोल्या घ्याव्यात असेही एकाने सुचवले. ते सर्वांनी एकमुखाने फेटाळले. महाडच्या वाटेवर आडनाव लपवून झोपायचे?

जागा अखेर मिळाली. महाडजवळच्या एका वस्तीतल्या लोकांनी आपला विहार देऊ केला. पुरुष विहारात, बाया चार घरांत. स्वच्छतागृह घरांत आहे, हे मी आधी विचारून घेतले. ज्यांना हा प्रश्न क्षुल्लक वाटतो त्यांनी आजवर सहलींना आणि मोर्चांना बायका कमी का येतात याचा विचार करावा. १९२७ च्या डिसेंबरात परिषदेच्या अखेरीस बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केले होते, लुगडे कसे नेसावे इथपर्यंत सांगितले होते. त्या बाया रात्री कुठे राहिल्या, त्यांना अंघोळीला आडोसा होता का, हे मला कुठल्या पुस्तकात सापडले नाही. आमच्या बायांनी ठरवले आहे की ज्या घरांत त्या उतरतील तिथल्या म्हाताऱ्यांना हे विचारायचे.

पैशाचे म्हणाल तर भिशीसारखे केले आहे. दर शुक्रवारी माणशी पन्नास रुपये विहारात जमा, वही दोन बायांकडे. ज्याला जमत नाही त्याने स्वयंपाकाला हात लावायचा. चार शुक्रवार वाचनाला दिले आहेत : ‘बहिष्कृत भारत’ या पत्राचे १९२७ चे अंक शासनाने पुन्हा छापले आहेत, त्यातले महाडचे वृत्तांत मोठ्याने वाचायचे. ज्यांना वाचता येत नाही त्या ऐकतात आणि मध्येच थांबवतात. परवा एकीने थांबवले, “आपल्या शेलारातला कोण गेला होता का गं?” कोणालाच ठाऊक नव्हते. बाबासाहेबांसोबतच्या दोनशेत, बंदरावर उभ्या असलेल्या तीन हजारांत भिवंडी तालुक्यातला कोणी असेल किंवा नसेलही. म्हणून आम्ही आमची यादी नीट करायला घेतली आहे : पूर्ण नाव, वडिलांचे आणि आईचे नाव, काम, गाव. तिच्या तीन प्रती करायच्या. एक विहारात, एक महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, एक महाडच्या त्या वस्तीत.

यादीत सध्या पंचवीस नावे आहेत, त्यांत मोटारसायकलवाले सहा. टेम्पो पहाटे साडेतीनला विहारापाशी येईल. जेवण दासगावला बंदराशी बसून करायचे, म्हणून भाकऱ्या आदल्या रात्री थापायच्या, माणशी तीन, सोबत सुक्या बोंबलाची चटणी, आणि ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी लसणाची. पाण्याचे पाच जार रिक्षात. आत्या म्हणते, तिचा तांब्या ती रिकामाच नेणार आहे.